तुळस व सब्जा : घरच्या बियांपासून रोपें तयार करण्याची रीत

आपल्या मासिकांतून ऊस, कापूस, ज्वारी, द्राक्षें अशा मोठ्या पिकांविषयीं माहिती वेळोवेळीं प्रसिद्ध होते व तें योग्यच आहे. कारण शेतकऱ्याचा चरितार्थ त्यांवर चालतो. परंतु ज्या झाडावांचून घराचें अंगण पुरें होत नाहीं, त्या तुळशीविषयीं मात्र, "तिचें काय शिकावयाचें, ती आपोआप येते," अशी समजूत करून घेऊन आपण स्वस्थ बसतों. ही समजूत अर्धीच खरी आहे. जुन्या वाड्याच्या मातीच्या अंगणांत वर्षानुवर्षें मंजिऱ्या गळून पडत आलेल्या असतात, म्हणून तेथें पहिल्या पावसाबरोबर शेंकडों रोपें उगवतात हें खरें. पण जेथें अंगण फरसबंद झालें, वृंदावन सिमेंटचें झालें व घर गांवठाणांतून निघून रानांत किंवा शहरांत गेलें, तेथें तुळस आपोआप येत नाहीं. मग दर कार्तिकांत तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशीं बाजारांतून रोप विकत आणावयाचें, आणि चैत्रापूर्वीं तें वाळून गेलें म्हणजे हळहळावयाचें, हा क्रम पुष्कळ घरीं चालू आहे.

वास्तविक पाहतां चिमूटभर बियांत शंभर रोपें होतात. त्यांस खर्च म्हणावा तर कांहींच नाहीं. लागते ती फक्त वेळेवर पेरणी आणि सहा आठवडे डोळ्यांत तेल घालून केलेली राखण. ही सर्व रीत प्रस्तुत लेखांत क्रमानें सांगण्याचा विचार आहे. तुळशीबरोबर सब्ज्याचाही विचार केला आहे. कारण दोघांचें कूळ एक, पेरणी बहुतेक एक, आणि बाजारांत दोघांच्या बियांचा घोटाळाही नित्याचा आहे.

कोणती तुळस, कोणता सब्जा

तुळशीच्या वर्गांतील चारपांच वनस्पति आपल्याकडे दिसतात. अंगणांतील पूज्य तुळस ही त्यांत मुख्य. हिचें शास्त्रीय नांव ऑसिमम टेन्युइफ्लोरम असें आहे. जुन्या पुस्तकांत ऑसिमम सँक्टम असें आढळतें, पण झाड एकच. हिच्यांत हिरव्या पानांचा व जांभळट पानांचा असे दोन प्रकार सर्वांच्या ओळखीचे आहेत. जांभळटीला कृष्ण तुळस म्हणतात. हिरवीला कोणी राम तुळस, कोणी पांढरी तुळस म्हणतात. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. मोठ्या रुंद पानांचें, माणसाच्या उंचीचें, लवंगेसारख्या वासाचें जें एक झुडूप असतें, त्यालाही लोक रामतुळस म्हणतात. तें निराळें असून त्याचें नांव ऑसिमम ग्रॅटिसिमम. कापुराच्या वासाची कापूर तुळस ही मूळची पूर्व आफ्रिकेंतील. किलिमांजारो पर्वतावरून तिला शास्त्रीय नांव पडलें आहे.

राहिला सब्जा. तो ऑसिमम बॅसिलिकम. याचेंच बीं उन्हाळ्यांत सरबतांत व फालुद्यांत घालतात. इटली देशांत ज्या पानांची चटणी करतात व आपल्याकडील मोठ्या शहरांतील हॉटेलें 'बेसिल' या नांवानें जीं पानें मागतात, तींही याच जातीचीं. केवळ वाण निराळा. बॅसिलिकम हा शब्द 'राजाचें' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. तुळस व सब्जा या दोन्ही वनस्पतींची शास्त्रीय नोंद स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस यानें १७५३ सालीं केली.

आतां घोटाळा कोठें होतो तें पहा. किराणा दुकानांत 'तुळशीचें बीं' म्हणून मागितलें असतां पुष्कळ वेळां सब्ज्याचें बीं पुढें येतें. दुकानदार मुद्दाम फसवितो असें नव्हे. त्याच्याकडे खाण्यासाठीं तेंच येतें व त्याला तो तेंच नांव देतो. आमच्या तालुक्यांतील एका बागाईतदारानें देवळाला हार पुरविण्याच्या हेतूनें पांच गुंठे तुळस लावण्याचें ठरवून असेंच बीं आणलें. रोपें जोमानें आलीं. पण तीं चारपांच पानांवर आल्यावर घरांतील म्हाताऱ्या आजीनें एक पान चुरगळून वास घेतला आणि, "बाबा, ही तुळस नव्हे, हा सब्जा," असें सांगितलें. तोंपर्यंत मृग सरला होता, आर्द्रा लागली होती. नवीन बीं पेरून रोपें होईपर्यंत हंगाम हातचा गेला. बी-बियाण्याच्या खात्रीची गोष्ट ही कपाशीपुरतीच नाहीं, ती तुळशीलाही लागू आहे, एवढें यावरून दिसून येईल.

ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. सब्ज्याचें बीं काळेंभोर, लांबट व सुमारें दोन मिलिमीटर असतें. तुळशीचें बीं त्याहून बरेंच बारीक, गोलसर व तांबूस-तपकिरी रंगाचें असतें. संशय राहिल्यास पाण्याची परीक्षा करावी. बशींत थोडें पाणी घेऊन दहाबारा बिया टाकाव्या. सब्ज्याच्या प्रत्येक बियाभोंवतीं पंधरा मिनिटांच्या आंत निळसर-पांढऱ्या बुळबुळीत गराचें जाड वेष्टण तयार होतें व बीं अनेक पट मोठें दिसूं लागतें. तुळशीच्या बियाभोंवतीं असा गर येतो, पण तो पातळ असतो. झाड मोठें झाल्यावर तर ओळख आणखी सोपी : सब्ज्याचें पान गुळगुळीत व तुकतुकीत, तुळशीचें पान कडेला दातेरी आणि देंठ-खोड यांवर बारीक लव.

बियांचा स्वभाव

कोणतेंही पीक लावण्यापूर्वीं त्याच्या बियांचा स्वभाव ओळखावा. तुळस व सब्जा यांच्या बियांच्या दोन गोष्टी मुख्य आहेत.

पहिली गोष्ट बारीकपणाची. बीं जितकें लहान तितकी त्याच्या पोटांतील शिदोरी थोडी. ज्वारीचा दाणा दोन इंच खोल पडला तरी तो आपला कोंब वर ढकलूं शकतो. तुळशीच्या बियाला तें बळ नाहीं. तें पाव इंचापेक्षां खोल गेलें कीं कोंब वर येण्यापूर्वींच शिदोरी संपते. "बीं उगवलें नाहीं," अशी जी तक्रार ऐकूं येते, तिचें बहुतेक वेळां कारण हेंच असतें कीं बीं पेरलें नाहीं, पुरलें.

दुसरी गोष्ट वर सांगितलेल्या गराची. सृष्टीनें हा गर बियांना उगाच दिलेला नाहीं. त्या योगानें बीं ओल्या जमिनीला चिकटून बसतें, पाण्याबरोबर वाहून जात नाहीं, आणि ओल धरून ठेवतें. पण यामुळेंच हें बीं रात्रभर भिजवून पेरण्याची चाल येथें उपयोगाची नाहीं. भिजविलेल्या बियांचा एकच गोळा होतो, तो एका ठिकाणीं पडतो, आणि पुढें शंभर रोपें एका रुपयाएवढ्या जागेंत उगवून एकमेकांस मारतात. म्हणून बीं कोरडेंच पेरावें. तसेंच एकदां गर सुटल्यावर माती मुळींच वाळूं देऊं नये. फुगलेलें बीं पुन्हां वाळलें तर कोंब आंतल्या आंत मरतो.

हंगाम

हीं झाडें उष्ण हवेचीं आहेत. हवा वीस ते तीस अंश सेंटिग्रेड असली म्हणजे सब्जा चार ते आठ दिवसांत व तुळस आठ ते बारा दिवसांत उगवते. थंडी पडली कीं उगवण लांबते व अनियमित होते. पौषांत पेरलेलें बीं बहुधा मातींत पडूनच राहतें. निफाडसारख्या ठिकाणीं, जेथें थंडींत पारा पांच अंशांच्या आसपास उतरतो, तेथें उभी तुळसही काळवंडते. यासाठीं पेरणीचे दोन हंगाम धरावे.

पहिला व मुख्य हंगाम रोहिणी नक्षत्राचा, म्हणजे मे महिन्याचा शेवटचा आठवडा. रोपांना सहा आठवडे लागतात, असा हिशेब धरला तर रोहिणीच्या आरंभीं पेरलेलीं रोपें पुनर्वसूंत, म्हणजे जुलैच्या पहिल्या आठवड्यांत, लावणीस तयार होतात. त्या वेळीं जमीन ओली, आकाश ढगाळ, ऊन सौम्य. लावलेलें रोप सहसा मरत नाहीं. हीच तुळस कार्तिकापर्यंत हातभर उंच होऊन मंजिऱ्यांनीं भरून जाते व लग्नास घरचीच नवरी मिळते.

दुसरा हंगाम थंडी सरल्यावर, फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चपर्यंत. या वेळीं पाण्याची सोय हातापाशीं असली पाहिजे व रोपांना दुपारच्या उन्हापासून सांवली करावी लागते. सब्ज्याची पानें उन्हाळ्यांत हवीं असतील त्यांनीं हा हंगाम धरावा. कोंकण व गोवा येथें पावसाचा मार फार असल्यामुळें मुख्य हंगामांतील रोपें पडवींत किंवा वळचणीच्या आंत ठेवावीं. उघड्यावर ठेवल्यास पागोळीच्या एका धारेनें सर्व बीं वाहून जाईल.

माती व भांडें

रोपांसाठीं पसरट व उथळ भांडें चांगलें. मातीची पसरट कुंडी, आडवा कापलेला तेलाचा डबा, फळांची लांकडी पेटी, यांपैकीं कांहींही चालेल. खोली चार इंच असली म्हणजे पुरे. तळाला भोंकें मात्र हवींतच. भोंकावर खापरीचा तुकडा पालथा ठेवावा, म्हणजे पाणी जातें व माती राहते.

माती पुढीलप्रमाणें तयार करावी : बागेची चाळलेली माती दोन भाग, पूर्ण कुजलेलें शेणखत एक भाग, नदीची वाळू एक भाग. ज्यांची जमीन काळी चिकण आहे त्यांनीं वाळू दुप्पट घ्यावी. कोंकणांतील तांबड्या मातीला वाळू निम्मी पुरते, पण खत थोडें अधिक घालावें. शेणखत कच्चें असूं नये. कच्च्या खतांत उष्णता असते, हुमणीचीं अंडीं असतात व रोपांना मारणारी बुरशीही असते. शक्य तर ही तयार माती ओली करून कडक उन्हांत पातळ पसरावी व आठदहा दिवस तापूं द्यावी. वैशाखाच्या उन्हासारखें औषध दुसरें नाहीं व त्याला मोल पडत नाहीं.

पेरणी

भांडें कांठापासून अर्धा इंच सोडून मातीनें भरावें, फळीनें हलकें दाबून सपाट करावें व झारीनें पाणी घालून एक रात्र मुरूं द्यावें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं चिमूटभर बीं मूठभर कोरड्या चाळलेल्या वाळूंत चांगलें मिसळावें. वाळू पांढरट असल्यामुळें बीं कोठें दाट पडलें व कोठें विरळ, हें डोळ्यांस दिसतें. नंतर तीन तीन इंचांवर काडीनें उथळ रेघा ओढून त्यांत हें मिश्रण तिळगुळांतील तीळ भुरभुरावे तसें भुरभुरावें. फेंकून पेरण्यापेक्षां रेघेनें पेरणें बरें. कारण पुढें तण कोणतें व रोप कोणतें हें रेघेवरून कळतें. वर चाळणीनें बारीक माती अशी धरावी कीं बीं जेमतेम झांकलें जाईल.

यानंतर ओलें गोणपाट भांड्यावर अंथरावें आणि पाणी त्या गोणपाटावरून शिंपडावें. म्हणजे बीं उघडें पडत नाहीं. भांडें मुंग्यांच्या वाटेवर ठेवूं नये. मुंग्या हें बारीक बीं एका रात्रींत उचलून नेतात. भांडें चार विटांवर ठेवून विटा पाण्याच्या परातींत ठेवल्या म्हणजे मुंग्यांचा उपद्रव टळतो.

चौथ्या दिवसापासून रोज सकाळीं गोणपाट उचलून पाहावें. पहिले दोनचार कोंब दिसतांच गोणपाट त्याच दिवशीं काढून टाकावें. "उद्यां काढूं" म्हटलें तर कोंब पिंवळे व लांबट होऊन आडवे पडतात. प्रथम येणारीं दोन दळें अर्धचंद्राच्या आकाराचीं असतात. ही खूण लक्षांत ठेवली म्हणजे तण म्हणून रोपच उपटलें जात नाहीं.

रोपें कोलमडणें

उगवणीनंतरचे पहिले पंधरा दिवस नाजूक. आज हिरवींगार दिसणारीं रोपें उद्यां सकाळीं मातीलगत पिचून आडवीं पडलेलीं दिसतात. लोक म्हणतात, दृष्ट लागली. वस्तुतः ही जमिनींतील बुरशी होय. ती दाट पेरणी, सदोदित ओली माती व कोंडलेली हवा या तिन्हींच्या आश्रयानें वाढते. एकदां रोप पडलें कीं त्याला उपाय नाहीं. उपाय सर्व आधींचे आहेत. ते असे : बीं विरळ पेरावें. पाणी सकाळीं द्यावें, संध्याकाळीं देऊं नये. मातीचा वरचा पदर किंचित् सुकल्यावांचून पुन्हां पाणी घालूं नये. भांडें वारा खेळेल अशा जागीं व सकाळचें ऊन लागेल असें ठेवावें. रोपें दोन पानांचीं झालीं कीं दाट जागचीं कात्रीनें कापून विरळ करावीं. उपटूं नयेत, कारण उपटतांना शेजारच्या रोपाचीं मुळें दुखावतात. एखाद्या कोपऱ्यांत रोपें पडूं लागलीं तर तेवढी माती रोपांसह काढून दूर टाकावी व दोन दिवस पाणी बंद ठेवावें.

लावणी व हिशेब

रोप चार ते पांच पानांचें व तीनचार इंच उंच झालें म्हणजे लावणीस योग्य होतें. लावणी ढगाळ दिवशीं अथवा दिवस कलल्यावर करावी. तासभर आधीं रोपांना पाणी द्यावें, काडीनें खालून उचलून मुळांभोंवतालच्या मातीसह रोप काढावें, आणि पूर्वीं होतें तितक्याच खोलीवर लावावें. रोप धरावयाचें झाल्यास पानाला धरावें, खोडाला धरूं नये. पान तुटलें तर नवें येतें, खोड चेपलें तर रोप गेलें.

कुंडींत लावणें असल्यास दहाबारा इंच तोंडाच्या कुंडींत एकच रोप लावावें. जमिनींत लावणें असल्यास दीड फूट अंतर ठेवावें. ज्यांना हारांसाठीं किंवा पानांसाठीं थोडी जमीन गुंतवावयाची असेल त्यांच्याकरितां हिशेब देतों. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. दीड फुटावर दीड फूट धरल्यास एका रोपास सव्वादोन चौरस फूट जागा लागते, म्हणजे गुंठ्यांत ४८४ रोपें बसतात. रेघेंतून तीन इंच व रेघेमध्यें एक एक इंचावर रोप धरलें तर चार फूट लांब व तीन फूट रुंद वाफ्यांत ५७६ रोपें मावतात. मरतूक वजा जातां एका गुंठ्याला एवढा एक वाफा पुरेसा आहे. बियांविषयीं म्हणाल तर हेक्टरास, म्हणजे सुमारें ९९ गुंठ्यांस, दोनशें ते तीनशें ग्रॅम बीं लागतें. त्या मानानें गुंठ्यास दोनतीन ग्रॅम पुरे. पंढरपूरच्या आसपास तुळशीचे हार हें कित्येक कुटुंबांचें उत्पन्नाचें साधन आहे. तेव्हां हा हिशेब केवळ हौसेचा समजूं नये.

तेलासाठीं मोठ्या प्रमाणावर लागवड करणारांनीं मात्र घरचें मिश्र बीं न घेतां खात्रीचा वाण घ्यावा. लखनौ येथील केंद्रीय औषधी व सुगंधी वनस्पति संस्थेनें तुळशींत सिम-आयु व सिम-अंगना आणि सब्ज्यांत सिम-सौम्या असे वाण काढलेले आहेत. घरच्या अंगणाला त्यांची आवश्यकता नाहीं.

वृंदावनांतील तुळस कां मरते

रोप चांगलें असून वृंदावनांत तें वर्षभर टिकत नाहीं, ही तक्रार सार्वत्रिक आहे. त्याचीं कारणें शोधूं गेल्यास चार आढळतात.

एक, वृंदावनाला खालीं पाण्याची वाट नसते. घरांतील प्रत्येक माणूस स्नान करून तांब्याभर पाणी घालतो. पांच माणसांचे पांच तांबे रोज त्या हातभर खोल विवरांत सांचतात व मुळें कुजतात. श्रद्धा कमी करण्याचें कारण नाहीं. एकानें तांब्या ओतावा, इतरांनीं पळीभर पाणी घालावें, आणि गवंड्याकडून तळाशीं एक भोंक पाडून घ्यावें.

दोन, निरांजन व उदबत्ती खोडालगत ठेवतात. त्या धगीनें खालचीं पानें करपतात व साल भाजते. त्यांसाठीं वृंदावनाला कोनाडा असतो, तो त्याच कामाचा आहे.

तीन, दूध, साखरेचें पाणी, हळद-कुंकू हीं थेट मुळाशीं पडतात. दुधानें माती आंबते, साखरेनें मुंग्या येतात. पूजा वृंदावनाच्या दगडाची करावी, मुळाची करूं नये.

चार, मंजिरी कोणी खुडीत नाहीं. झाडाचा धर्म असा कीं बीं पक्व झालें म्हणजे त्याचें काम संपलें. मंजिऱ्या तशाच वाळूं दिल्या तर नवीं पानें येणें थांबतें व झाड लांकूड होऊन वठतें. मंजिरी कोंवळी असतांनाच दोन पानांसह खुडली तर तिच्या खालच्या दोन्ही बगलांतून दोन फांद्या फुटतात. अशा रीतीनें राखलेली तुळस दोनतीन वर्षें सहज टिकते. सब्जा मात्र एकाच हंगामाचा. तो दर वर्षीं पेरावा लागतो.

याशिवाय महिन्यांतून एकदां वरची माती खुरप्यानें हलवून मूठभर कुजलेलें खत द्यावें. रोप वीतभर झालें कीं शेंडा एकदां खुडावा, म्हणजे तें आडवें भरतें.

कीड

तुळशीचा मोठा शत्रु म्हणजे जाळीसारख्या पंखांचा एक अगदीं बारीक किडा. शास्त्रांत याला कॉक्लोकायला बुलिटा म्हणतात. तो व त्याचीं पिलें पानांच्या पाठीमागें राहून रस शोषतात. पानें वळतात, त्यांवर पांढुरके ठिपके पडतात व खालीं काळे विष्ठेचे कण दिसतात. पाव झाड व्यापण्यापूर्वींच लक्ष घातलें तर काम सोपें आहे. किडलेले शेंडे कापून जाळावे, आणि पानांच्या मागील बाजूस पाण्याचा जोरदार फवारा मारावा. तरी न हटल्यास पन्नास ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजवून, सकाळीं फडक्यानें गाळून फवारावी व आठवड्यानें पुन्हां फवारावी. जें पान तीर्थांत व काढ्यांत पडावयाचें, त्यावर विषारी औषधें कदापि मारूं नयेत. निंबोळीनंतरही तीनचार दिवस पान तोडूं नये व तोडल्यावर धुवून घ्यावें.

बीं धरणें

पुढील वर्षाचें बीं आपल्याच झाडाचें असावें. त्यासाठीं सर्वांत निरोगी असें एक झाड निवडून त्याच्या कांहीं मंजिऱ्या राखाव्या. फुलाच्या प्रत्येक पेल्यांत बहुधा चार बिया असतात व त्या खालून वर पिकत जातात. मंजिरीचा खालचा अर्धा भाग तपकिरी झाला कीं ती कापावी. सबंध वाळेपर्यंत थांबलें तर खालचें उत्तम बीं गळून जातें. मंजिऱ्या चारपांच दिवस कापडावर सांवलींत वाळवून तळहातावर चोळाव्या, सुपानें पाखडाव्या व बारीक गाळणीनें गाळाव्या. बीं कोरड्या बाटलींत भरून चिठ्ठीवर झाडाचें नांव व महिना लिहून ठेवावा. चिठ्ठीवांचून ठेवलेलें बीं म्हणजे तारखेवांचूनचा दस्तऐवज. वेळेवर तो कामास येत नाहीं.

या झाडांवर मधमाशा फार येतात. त्यांचा मळ्यांतील वेलभाज्यांना फायदाच आहे, पण त्यांच्यामुळें कृष्ण तुळस व हिरवी तुळस यांचा संकर होतो व बियांतून मिश्र रोपें निघतात. शुद्ध कृष्ण तुळस हवी असल्यास ती हिरवीपासून दूर लावावी, किंवा निवडक मंजिऱ्यांवर फुलण्यापूर्वींच मलमलीची पिशवी बांधावी. शिवाय रोपें वाफ्यांत असतांनाच ज्यांचें खोड जांभळें तीं तेवढीं ठेवावीं.

पेरणीपूर्वीं बियांची परीक्षा घ्यावी. शंभर बिया मोजून ताटलींतील ओल्या फडक्यावर पसराव्या व फडकें वाळूं न देतां बारा दिवस ठेवावें. सत्तरांहून अधिक उगवल्या तर बीं उत्तम. चाळीस उगवल्या तर दुपटीनें पेरावें. वीसही न उगवल्यास तें बीं टाकून द्यावें. खराब बियांवर हंगाम घालविणें हा सर्वांत महाग व्यवहार होय.

उपयोगाविषयीं दोन शब्द

तुळशीच्या पानांत युजेनॉल नांवाचें तेल-द्रव्य असतें. लवंगेंतही मुख्यत्वें हेंच असतें व दोघांच्या तिखट वासाचें साम्य यावरून समजतें. पडशा-खोकल्यावर घरोघर जो काढा देतात तो ठीकच आहे. पण ताप तीन दिवस हटला नाहीं तर काढ्यावर विसंबून न राहतां डॉक्टरकडे जावें. सब्ज्याचें बीं लहान मुलांना कोरडें कधींही देऊं नये. तें घशांत फुगून श्वास कोंडण्याची भीति असते. पाण्यांत पुरतें फुगल्यावरच तें सरबतांत घालावें.

तुळस रात्रींही प्राणवायु सोडते असें अलीकडे पुष्कळ सांगण्यांत येतें. हें शास्त्राला धरून नाहीं. सर्व हिरवीं झाडें प्राणवायु सोडतात तीं उजेडांत. रात्रीं तींही आपल्याप्रमाणेंच प्राणवायु घेतात. तुळशीचें महत्त्व सांगण्यास अशा गोष्टींची गरज नाहीं. तिचा वास, तिचें पान व तिच्याभोंवतीं गुंजारव करणाऱ्या मधमाशा एवढ्याच पुरेशा आहेत.

समारोप

सारांश, पुढील गोष्टी वाचकांनीं ध्यानांत ठेवाव्या : बीं तुळशीचेंच आहे याची पाण्यानें परीक्षा करावी, रोहिणींत कोरडेंच व उथळ पेरावें, उगवतांच झांकण काढावें, पाणी सकाळीं व बेतानें द्यावें, पुनर्वसूंत लावावें, मंजिरी खुडावी, आणि एक झाड बियांसाठीं राखावें. बहुतेक घरीं हें काम घरांतील स्त्रियांच्या हातीं असतें. त्यांना हा लेख वाचून दाखविल्यास त्या आपल्या अनुभवानें यांत भर घालतील, आणि ती भर या मासिकाकडे लिहून पाठविल्यास सर्वांच्याच उपयोगी पडेल. येत्या वर्षीं प्रत्येक सभासदानें घरच्या बियांचीं पंचवीस रोपें तयार करून तीं आपल्या आळींत वांटावीं. ज्या गांवांत तुळशीचें रोप विकत आणावें लागत नाहीं, त्या गांवच्या शेतकऱ्यांना आपल्या इतर बियाण्याची किंमतही अधिक कळूं लागेल, असा माझा विश्वास आहे.